किनाऱ्यावर पडून राहिलेल्या होड्या आणि पोरांची सुट्टी

नमस्कार मंडळी. सुट्ट्या लागल्या की घरोघरी एकच घोळ, पोरांना न्यायचं कुठे, आणि समुद्र म्हटलं की पोरं लगेच तयार. हल्ली बरेच जण म्हणतात गर्दीचा बीच नको बाबा, त्यापेक्षा एखादं शांत मच्छीमार गाव बघू, मी पण त्यातलीच, आणि आज त्या शांतपणाबद्दलच बोलायचंय.

पोरांना अशा गावात नक्की काय आवडतं ते एकदा नीट बघा. धक्क्यावर कोणी हटकत नाही, कितीही पळा. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या चढायला, उतरायला, लपायला मोकळ्या. बर्फाची शेड रिकामी, म्हणजे आरडाओरडा करायला हक्काची जागा. आणि राहायला मिळालेलं घर ऐसपैस, खिडकीतून थेट पाणी. आता धक्का जोरात चालू असता तर? क्रेट, बर्फ, हातगाड्या, लिलावाची बोंबाबोंब, तिथे पोराला कोणी दोन मिनिटं उभं राहू दिलं नसतं. होडी पडून आहे कारण डिझेल टाकून जायचं आणि डिझेलचेही पैसे सुटायचे नाहीत, हा हिशोब तिच्या मालकाने केव्हाच करून झालाय. आणि त्या खिडकीवाल्या घरात आधी कोणीतरी राहत होतंच ना. म्हणजे आपल्या पोराची सगळी मजा गावाच्या अडचणीवरच उभी, आणि आपण काय म्हणतो तर "किती निवांत आहे ना इथे!"

माझी भाची नऊ वर्षांची, अशाच एका गावात तिने अख्खी सकाळ जाळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांपाशी काढली. आजोबांनी जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेली, एका हातात दोरा गुंडाळलेली चपटी सुई, दुसऱ्या हातात लाकडाची छोटी पट्टी, प्रत्येक फासा त्या पट्टीवरून घ्यायचा म्हणजे सगळी भोकं एका मापाची होतात. हिने विचारलं एवढी मोठी भोकं कशाला, मासे पळून जातील की. ते म्हणाले लहान पळायलाच हवेत, पुढच्या वर्षी तेच मोठे होऊन येतात. मग हिचा पुढचा प्रश्न, तुमची होडी आज का नाही गेली? तर म्हणे मोठ्या बोटी आधीच जाऊन येतात, मागे काही उरत नाही. यावर ही जरा गप्प, आणि मग, "त्यांच्या जाळ्यांची भोकं केवढी असतात?"

मला सांगा, मोठ्या माणसांच्या मीटिंगमध्ये तरी एवढा नेमका प्रश्न कोणी विचारतं का?

संध्याकाळी मी तिला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची गोष्ट सांगितली, तुम्हीही सांगा, परीकथेपेक्षा जास्त टिकते. तिथल्या किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा जवळजवळ 500 वर्षं पकडत होते, लोकांना वाटायचं हा काही संपत नाही. मग आले प्रचंड मोठे ट्रॉलर, बोटीवरच मासा साफ करून गोठवणारे, बरेचसे परदेशी, आणि 1968 साली एका वर्षात 8 लाख टनांच्या आसपास कॉड निघाला. पुढे परदेशी बोटी लांब ढकलल्या, पण तिथल्या स्वतःच्या ट्रॉलरनी उपसा चालूच ठेवला. 2 जुलै 1992 ला सरकारने मासेमारी बंद केली, सांगताना सांगितलं दोन वर्षांसाठी. सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं, तरुण मंडळी बाहेर पडली, गावंच्या गावं म्हातारी झाली. आणि ती बंदी पूर्ण उठली कधी, तर 2024 मध्ये, तीही घाई झाली का यावर अजून भांडणं चालूच. भाचीने बोटं मोजून पाहिली आणि म्हणाली तोपर्यंत आईसुद्धा म्हातारी होईल. रडली वगैरे काही नाही हं, जेवली आणि झोपली. पोरांना खरं सांगितलं की त्यांची सुट्टी बिघडते हा मोठ्यांचा उगाचचा समज आहे असं माझं स्पष्ट मत.

अर्थात दुसरं टोकही नको. उझबेकिस्तानातलं मुयनाक, एकेकाळचं मासेमारीचं बंदर, कापसासाठी नद्यांचं पाणी वळवलं तसा अरल समुद्र आटत लांब निघून गेला आणि गंजलेली जहाजं वाळवंटात राहिली, आता लोक मुद्दाम तिथे जाऊन जहाजांवर चढून फोटो काढतात. काढा फोटो, पण जवळच राहणाऱ्या माणसाशी दोन शब्द तरी बोला ना.

राहण्याचं म्हणाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्लंडमधलं सेंट आइव्हज, जुनं मच्छीमार गाव, तिथे सुट्टीपुरती वापरायची घरं इतकी झाली की तिथल्याच पोरांना घर परवडेना, शेवटी 2016 मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की नवं बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल. तेव्हा बुकिंग करताना विचारा, मालक गावातच राहतो का? राहत असेल तर त्याच्याकडेच जा, थोडी गैरसोय झाली तरी चालेल, भाडं तरी गावात राहतं.

आणि होड्या किती वाजता येतात तेही विचारून घ्या. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, आणि भरतीच्या पाण्यावरच आत येता येतं अशा ठिकाणी होड्याही तशाच पुढे सरकतात, त्यामुळे नाश्त्याची वेळ अजिबात ठरवू नका, पोरांना उठवा आणि सरळ धक्क्यावर घेऊन जा.