दहा अमिनो आम्लांचे औषध

सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेला सत्तरीचा माणूस कंबरदुखीची तक्रार घेऊन सहसा दवाखान्यात जात नाही. उभ्याने काम केले म्हणजे कंबर धरणारच, आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते ते वयामुळे, अशी त्याची आणि घरच्यांचीही समजूत असते. काहींच्या बाबतीत मात्र ही लक्षणे प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाची निघतात, आणि निदान होईपर्यंत रोग मणक्यात पसरलेला असतो. याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला कर्करोग आपल्याकडे मोजला जाऊ लागला तो तेव्हापासून.

हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आजही आहे. पण तो पचनी पडणे किती पुरुषांना जमते, हे वेगळे सांगायला नको.

शस्त्रक्रियेला पर्याय सापडला तो मेंदूत. वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करण्याचा आदेश पिट्युटरी ग्रंथीमार्फत जातो आणि त्या ग्रंथीला चालना देते अवघ्या दहा अमिनो आम्लांची एक साखळी, म्हणजेच एक पेप्टाइड. लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूंतून हा पदार्थ वेगळा करून अँड्र्यू शॅली यांच्या गटाने १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. मूळ साखळी रक्तात काही मिनिटांतच तुटते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी सहाव्या जागी आरशातील प्रतिमेसारखे उलट्या घडणीचे अमिनो आम्ल बसवले, शेवटाकडची रचनाही बदलली, आणि विकरांना ती सहजी तोडता येईना. अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळालेले ल्युप्रोलाइड असे घडले.

ते काम करते ते काहीसे उफराट्या रीतीने. सतत कोणी हाका मारत राहिले की माणूस ओ देणे सोडतो, तशी पिट्युटरी काही दिवसांनी गप्प होते. पण त्याआधी ती जोरात ओ देते आणि टेस्टोस्टेरॉन आठवडाभर वाढते. मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देत असेल, तर हा आठवडा रुग्णाचे पाय लुळे पाडू शकतो.

त्यामुळे पिट्युटरीला चालना न देता तिला थेट अडवणारे पेप्टाइड हवे होते. ते घडवण्यात मोठी अडचण आली हिस्टामिनची, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे आणणाऱ्या रसायनाची: सुरुवातीची बरीच रेणूरूपे शरीरातून हिस्टामिन बाहेर पाडत. २००३ मध्ये मान्यता मिळालेले ॲबारेलिक्स गंभीर ॲलर्जीच्या धोक्यामुळे मागे पडले. पुढे आले डेगारेलिक्स. त्याच्या दहापैकी सात कड्या निसर्गातील प्रथिनांत न आढळणाऱ्या आहेत. ६१० रुग्णांच्या चाचणीत तिसऱ्याच दिवशी ९६ टक्के रुग्णांचे टेस्टोस्टेरॉन अपेक्षित पातळीखाली आले, आणि डिसेंबर २००८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे औषध पोटात गेले तर पचून जाईल, म्हणून ते टोचूनच द्यावे लागते. परिचारिका भुकटीत पाणी घालून कुपी हलकेच फिरवते. जोरात हलवली तर फेस होतो. पहिल्या वेळी १२० मिलिग्रॅमची दोन इंजेक्शने पोटाच्या कातडीखाली दिली जातात, आणि तिथे औषधाचा गोळा जमून ते हळूहळू पाझरते. ती जागा करगोटा किंवा पायजम्याची नाडी काचणार नाही अशी निवडावी लागते. तरीही चाचणीत सुमारे ४० टक्के रुग्णांना टोचल्या जागी दुखणे, लाली किंवा सूज आली.

शिवाय हे औषध रोग बरा करत नाही, त्याला रोखून धरते, आणि बहुतेकांच्या बाबतीत कर्करोग पुढे कमी टेस्टोस्टेरॉनवरही वाढायला शिकतो. ल्युप्रोलाइड तीन किंवा सहा महिन्यांतून एकदाही देता येते. डेगारेलिक्सचे ८० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मात्र दरमहा घ्यावे लागते. मंगळवेढ्याहून एस.टी.ने येणाऱ्या रुग्णासाठी हा फरक लहान नाही. मणक्यावर दाब असेल तेव्हा डेगारेलिक्सने सुरुवात करावी आणि धोका टळल्यावर लांब मुदतीच्या इंजेक्शनाकडे वळता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, हे अशा रुग्णांच्या बाबतीत अधिक व्यवहार्य वाटते.