पाटी उतरवा म्हणायला माणूस हयात हवा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा घेतो. मास्तरकी सुटली तरी खोड सुटत नाही. मागे वळून पाहू नका, मोबाइल काढू नका आणि सांगा, आपण बसलोय त्या सभागृहाला कुणाचं नाव आहे? पहिल्या रांगेतून 'स्मृती सभागृह' असं उत्तर आलंय. स्मृती बरोबर आहे, पण कुणाची? दारावर फूटभर अक्षरांत लिहिलंय आणि आपण सगळे त्याच्याखालूनच आत आलो. असो. ज्यांचं नाव आहे ते आता हयात नाहीत, त्यामुळे वाईट वाटून घ्यायला कुणी नाही. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

हयात खेळाडूंची नावं मैदानांना, रस्त्यांना, विमानतळांना द्यावीत का आणि त्यात प्रांताभिमानाला किती जागा असावी, असा विषय मला दिलाय. शहाण्या माणसाचं ठरलेलं उत्तर 'देऊ नयेत' असं असतं. माणूस अजून हिंडताफिरता आहे, उद्या काय करून बसेल सांगता येत नाही, थोडी कळ काढा. मला हे कळ काढणं पटत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक घेतलं. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. तोवर त्यांना जाऊन २६ वर्षं झाली होती. एवढा धीर कुणाच्या कामाचा? माझं म्हणणं सरळ उलट आहे. नाव द्यायचंच असेल तर जिवंत माणसाचं द्या. फक्त माझ्या तीन अटी आहेत. त्या सांगणारच आहे, पण आधी एक हकीकत ऐका. अटी काही पळून जात नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका मैदानाच्या नामकरण समितीवर मला घेतलं होतं. खेळातलं कळतं म्हणून नव्हे. कोनशिलेचं शुद्धलेखन तपासायला त्यांना मराठीचा एक मास्तर हवा होता. नाव द्यायचं होतं एका धावपटू मुलीचं. त्याच मैदानावर पळून पळून तयार झालेली, राष्ट्रीय पदक आणलेली, वय बावीस. तिचं नाव इथं घेत नाही, तिला आवडणार नाही.

मसुदा हातात आला. तेरा ओळी. आधी ज्यांच्या शुभहस्ते ते, मग प्रमुख उपस्थिती, मग विशेष उपस्थिती. (प्रमुख आणि विशेष यांत फरक काय, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही. बहुधा खुर्चीच्या गादीत असावा.) मग अध्यक्षस्थानी कोण, मग स्वागतोत्सुक. मुलीचं नाव आठव्या ओळीत, तेही बारीक अक्षरांत. मी लाल पेनाने ते उचलून पहिल्या ओळीत नेलं. पुढच्या बैठकीला ते परत आठव्या ओळीत. मी वर नेतोय, ते खाली येतंय, असं तीन बैठका चाललं. सापशिडीच.

चौथी बैठक 'कु.' या एका अक्षरावर गेली. नावाआधी 'कु.' लावायचं की नाही? एक सदस्य म्हणाले, लावल्याशिवाय मान राखल्यासारखं वाटत नाही. मी म्हटलं, अहो, उद्या ती लग्न करेल. दगडात कोरलेलं 'कु.' छिन्नीने 'सौ.' करणार का? आणि आडनाव बदललं तर? ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. पुरुष खेळाडूच्या नावाआधी 'अविवाहित' कोरलेलं मी तरी कुठं पाहिलेलं नाही. शेवटी मतदान झालं आणि पाच विरुद्ध तीन मतांनी 'कु.' निवडून आलं. त्या समितीत इतक्या पोटतिडकीने दुसऱ्या कशावरही कुणी बोललं नाही. मैदानावर पाणी आहे का, पळायच्या पट्ट्यातली खडी कधी उचलणार, मुलींना कपडे बदलायला आडोसा आहे का, यातलं काही विषयपत्रिकेवर आलंच नाही. मीही काढलं नाही. माझं सगळं लक्ष ऱ्हस्वदीर्घाकडे.

समारंभ थाटात झाला. मंचावर एकोणीस खुर्च्या होत्या, मी मोजल्या. मुलगी विसाव्या खुर्चीवर, टोकाला. ती खुर्ची ऐन वेळी खालून वर चढवलेली. सत्कार झाल्यावर तिने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माइकवर येऊन दोनच वाक्यं बोलली. "मी इथं पळायला यायचे तेव्हा त्या पंपाच्या खोलीमागे कपडे बदलायचे. आता माझं नाव दिलंय, तर मुलींना एक खोली पण होईल ना?" टाळ्या पडल्या. हो, प्रश्नालाच टाळ्या. उत्तर कुणी दिलं नाही, लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, आठवण करा.

तर जिवंत माणसाचं नाव देण्यातली पहिली गंमत ही, की तो समोर उभा राहून पाहत असतो. मदेरा हे पोर्तुगालचं बेट. तिथल्या विमानतळाला २०१७ च्या मार्चमध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोचं नाव दिलं. तो तेव्हा ३२ वर्षांचा, ऐन भरात खेळणारा. समारंभाला स्वतः हजर. पडदा सरकला आणि आतून जो कांस्याचा चेहरा बाहेर आला, त्याच्यावर सगळं जग आठवडाभर हसलं. त्या कांस्याच्या चेहऱ्यावरचं हसू ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वर्णन करून सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी रात्री एकट्याने पाहू नये. पुढच्याच वर्षी पुतळा बदलला. आणि एवढं होऊनही विमानतळाची सांकेतिक अक्षरं एफएनसी अशीच राहिली, म्हणजे फुंशाल या जुन्या गावाची. बॅगेवरच्या चिठ्ठीला रोनाल्डो माहीतच नाही.

आपण फार हसू नये. १ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर सचिनच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि लगेच लोकांनी शोध लावला की हा तर स्टीव्ह स्मिथ दिसतोय! त्या ऑस्ट्रेलियन माणसाला काही न मागता मुंबईत पुतळा मिळाला. आणि वानखेडे म्हणजे कोण? एका हुशार विद्यार्थ्याने मला 'जुने डावखुरे फिरकी गोलंदाज' असं सांगितलं होतं. शेषराव वानखेडे राजकारणातले, मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे पदाधिकारी. त्यांच्या मैदानात आता गावसकर, तेंडुलकर आणि २०२५ पासून रोहित शर्मा यांच्या नावाचे स्टँड आहेत. रोहितचं नाव लागलं तेव्हा तो एकदिवसीय सामने खेळतच होता. स्वतःच्याच स्टँडमध्ये षटकार मारायची सोय.

टपाल तिकिटांचंही असंच. हयात माणूस सहसा तिकिटावर येत नाही. महर्षी कर्वे १९५८ साली आले, पण त्यासाठी त्यांना शंभर वर्षं जगावं लागलं. सचिनचं काम २०१३ मध्ये चाळिसाव्या वर्षीच झालं. क्रिकेट पटपट होतं.

आता प्रांताभिमान. याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. सेंट लुसिया हे कॅरिबियन समुद्रातलं दोन लाखांच्या आतल्या वस्तीचं बेट. वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळणारा तिथला पहिला खेळाडू डॅरेन सॅमी, तोही थेट २००७ साली. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदादवाल्यांनी घरं भरून घेतलेली आणि हे बिचारे कडेला बसून टाळ्या वाजवणारे. तोच सॅमी कर्णधार म्हणून २०१२ आणि २०१६ असे दोन टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन आला. बेटाने आपल्या बोसेजूर मैदानाला त्याचं नाव देऊन टाकलं. मला सांगा, त्यांनी थांबायला हवं होतं? गंमत पुढे आहे. त्याच वर्षी, २०१६ मध्येच, त्याचं टी-ट्वेंटीचं कर्णधारपद गेलं. कर्णधार मोकळा झाला, पाटी मात्र तिथंच. क्रिकेट मंडळाने काढलं, बेटाने ठेवलं. हा अभिमान मला कळतो, त्याला किंमत मोजावी लागते.

उलट बाजूही सांगतो. केंद्राच्या गृह मंत्रालयाचं १९५३ सालचं एक पत्र आहे, गावांची नावं बदलण्याबद्दल. त्यात म्हटलंय की केवळ स्थानिक अभिमानापोटी नावं बदलू नयेत, पुढाऱ्यांना मान द्यायचा म्हणून गावांना त्यांची नावं देऊ नयेत. १९५३! म्हणजे स्वातंत्र्याला सहा वर्षं होतात न होतात तोच सरकारला हे लिहावं लागलं. एवढं पाळलं गेलेलं दुसरं सरकारी पत्र... हसू नका.

अमेरिकेत लुइव्हिल गावाने १९७८ साली आपल्या वॉलनट स्ट्रीटला मुष्टियोद्धा मुहम्मद अलीचं नाव दिलं. गावचाच पोरगा, आणि तेव्हा खेळणारा. ठराव सहा विरुद्ध पाच मतांनी झाला. आमच्या 'कु.'सारखाच काठावर. आणि आठवड्याच्या आत सत्तरपैकी बारा पाट्या चोरीला गेल्या. आता त्या रागाने उपटल्या की प्रेमाने घरी नेल्या, हे पाटीवरून कळत नाही. त्याच गावाने २०१९ मध्ये विमानतळालाही त्याचंच नाव दिलं, तोवर तो गेलेला होता. या वेळी पाट्या...

ही चिठ्ठी आली. अध्यक्षांनी 'सात मिनिटे' असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. आणि मी अजून अटींपर्यंत आलेलोच नाही. तेव्हा आता पळतो.

पहिली अट. कुणाचं नाव पुसून नवं लावू नका. ब्राझीलमध्ये २०२१ साली रिओच्या विधानसभेने माराकाना स्टेडियमला पेलेचं नाव द्यायचा ठराव केला. पेले हयात होता, हजारावा गोल त्याने तिथंच मारलेला. तरी रिओत बोंब उठली. एक तर तो सांतोसकडून खेळलेला, म्हणजे साओ पाउलोचा. दुसरं म्हणजे ते मैदान उभं राहावं म्हणून लेखणी झिजवणाऱ्या मारिओ फिल्हो या पत्रकाराचं नाव त्याला होतं, ते जाणार होतं. शेवटी गव्हर्नरनी नकाराधिकार वापरला. बरं झालं. सॅमीच्या बाबतीत मी आत्ता ज्याचं कौतुक केलं ते या अटीत बसत नाही, हे माझ्या लक्षात आलंय. बोसेजूर हे निदान माणसाचं नाव नव्हतं, एवढीच पळवाट.

दुसरी अट. नाव जन्माच्या जागेला नको, घामाच्या जागेला द्या. टोकियोत नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ ला सुवर्णपदक घेतलं आणि त्याच महिन्यात पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या स्टेडियमला त्याचं नाव लागलं. पोरगा हरियाणाच्या पानिपत जिल्ह्यातला. पानिपताशी आपलं नातं काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी पुण्यात कुणी कुरकुरलं नाही. कारण तो सैन्यातला, आणि इथं सराव केलेला. प्रांताभिमान असाही असू शकतो. आमच्या मातीत जन्मला म्हणण्याऐवजी आमच्या मातीत पडला, उठला, असं म्हणता येतं.

तिसरी, आणि खरं म्हणजे हीच सांगायला आलो होतो. नाव देताना त्या माणसाला ते परत घ्यायचा हक्क द्या, लेखी. जुने फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदींचं नाव दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानातल्या एका स्टँडला २०१७ मध्ये दिलं. २०१९ मध्ये स्टेडियमलाच राजकारणातल्या अरुण जेटलींचं नाव लागलं आणि पुढे तिथं त्यांचा पुतळा बसवायचं ठरलं. २०२० च्या डिसेंबरात बेदींनी क्रिकेट संघटनेला पत्र धाडलं की माझं नाव स्टँडवरून काढा, आणि सदस्यत्वही सोडलं. खेळाच्या मैदानात खेळाडूंचेच आदर्श हवेत, असं त्यांचं म्हणणं. ते पटो न पटो, एवढं बघा की हे पत्र लिहायला बेदी हयात होते. गेलेल्या माणसाचं नाव कुठंही चिकटवा, तो काही बोलत नाही. म्हणून तर आपल्याला ते सोयीचं वाटतं!

आणि उद्या तो खेळाडूच घसरला तर? घसरू दे. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात सापडलेला सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग, त्याचं नाव नायकी कंपनीच्या आवारातल्या एका इमारतीला होतं, २०१२ साली उतरवलं. इमारत जागच्या जागी आहे.

दोन मिनिटं उरलीत. तिकडून कुणीतरी खूण करतंय, खोलीचं राहिलं. हो. खोली झाली. दीड वर्षाने, पण झाली. आणि झाल्या दिवसापासून कुलूपबंद. किल्ली कुणाकडे, कुणालाच ठाऊक नाही. मुली पुन्हा पंपाच्या खोलीमागे. हे त्या मुलीच्या कानावर गेलं तेव्हा तिचा मला फोन आला, "सर, तुमचं मराठी चांगलं आहे, एक अर्ज लिहून द्या. खोली उघडा, नाहीतर माझं नाव काढा." मी दोन ओळींचा अर्ज लिहिला. त्यात ऱ्हस्वदीर्घाची एक चूक राहिली, ती तिने काढली. चौथ्या दिवशी कुलूप निघालं.

गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. आडनाव तिने बदललं नाही. दगडावर 'कु.' अजून तसंच आहे.