बीव्हरचा सापळा आणि ब्रसेल्सचा नियम

कॅनडातील जेम्स बे या उपसागराच्या पूर्वेला क्री या आदिवासी लोकांचा मुलूख आहे. हा मुलूख सुमारे ३०० पारधक्षेत्रांत वाटलेला असून, कोणत्या तळ्यातले बीव्हर (पाण्यात राहणारे, दाट फरचे प्राणी) यंदा धरायचे आणि कोणते राखायचे, हे त्या त्या क्षेत्राचा जाणता शिकारी ठरवतो. बीव्हरचे मांस घरात शिजते, कातडे बाजारात जाते आणि त्या पैशांतून पुढच्या हंगामाचे पेट्रोल आणि काडतुसे येतात.

१९९१ मध्ये ब्रसेल्सहून कारभार चालणाऱ्या युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) पाय पकडणाऱ्या पोलादी सापळ्यांवर बंदी घातली. जे देश हे सापळेही सोडणार नाहीत आणि प्राण्यांना कमी यातना देणाऱ्या पद्धतींचे आंतरराष्ट्रीय निकषही पाळणार नाहीत, त्यांच्याकडून बीव्हर, लिंक्स, मार्टेन अशा १३ प्राण्यांची फर घ्यायची नाही, असेही ठरले. वेदनेचा प्रश्न खोटा नव्हता, कारण असा सापळा जनावराला तासन्‌तास जिवंत अडकवून ठेवू शकतो. कॅनडाच्या उत्तरेत वर्षानुवर्षे सापळे लावणाऱ्या फ्रँक कॉनिबेअर यांनी १९५०च्या दशकात झटपट मारणारा सापळा तयार केला, तो याच अस्वस्थतेतून. मात्र त्या १३ नावांत मिंक नव्हता, आणि समुदायाचाच सदस्य असलेल्या डेन्मार्कमध्ये तेव्हा फरसाठी पिंजऱ्यांत लाखोंनी वाढवला जाणारा प्राणी नेमका तोच होता. योगायोग म्हणावा, तर फारच सोयीचा.

आयातबंदी १९९५ पासून लागू व्हायची होती. ती लांबत गेली आणि १९९७ मध्ये कॅनडाशी करार झाल्यावर त्या देशापुरती कधी अमलात आलीच नाही. करारानुसार बीव्हरसाठीच्या सापळ्याने चाचणीतील किमान ८० टक्के जनावरे ३०० सेकंदांत बेशुद्ध व्हावी लागतात. अशा चाचण्या अल्बर्टातील व्हेग्रव्हिल येथे होत आल्या आहेत. पण तोवर फरची मागणीच घसरली होती. १६७० मध्ये स्थापन होऊन बीव्हरच्या कातड्यांवर मोठी झालेली हडसन्स बे कंपनी १९९१ मध्ये आपल्या दुकानांतील फरविक्री थांबवून मोकळी झाली.

क्री कुटुंबे तगली, त्यात सरकारशी झालेल्या १९७५च्या जेम्स बे कराराचा मोठा वाटा आहे. वर्षातले जितके दिवस शिकारी रानात काढेल, त्या हिशेबाने त्याला पैसे देणारी योजना त्या कराराने सुरू केली. करार झाला होता तो मात्र ला ग्रांद नदीवरील जलविद्युत प्रकल्पाच्या वादातून, आणि त्याच प्रकल्पाच्या जलाशयांखाली क्रींची कित्येक पारधक्षेत्रे बुडाली.