चावीची परदेशी भावंडं

[जुन्या दाराच्या कुलपात किल्ली फिरते]

स्पेनमध्ये हिला म्हणतात 'यावे'. मूळ लॅटिन 'क्लाविस'. शब्दारंभीचा 'क्ल' स्पॅनिश तोंडी मऊ होत 'य'पर्यंत आला. पोर्तुगीजांनी त्याच 'क्ल'चा 'च' केला आणि तो शब्द त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. तीच आपली चावी! इंग्रजीने मात्र जुनं रूप ग्रंथांतून उचललं. खांद्याजवळच्या आडव्या हाडाला ती 'क्लॅव्हिकल' म्हणते, म्हणजे छोटी किल्ली.

[हस्तलिखिताचं पान, समासावर कॅमेरा]

स्पेनच्या ला रिओहा प्रांतातल्या सान मियान मठाची ही ६० क्रमांकाची पोथी, सुमारे हजार वर्षांची. आज ती माद्रिदला आहे. मजकूर लॅटिन, समासातल्या टिपा बोलीतल्या. पान ७२ पाहा: 'नुएस्त्रो दुएनो', आमचा स्वामी. लॅटिनमध्ये 'नोस्त्रुम', 'दोमिनुम'. आघाताखालचा, म्हणजे उच्चारताना जोर पडतो त्या अक्षरातला, ऱ्हस्व 'ओ' फुटून 'उए' झालाय. आघात सरकला की 'ओ' फुटत नाही, म्हणून दार 'पुएर्ता', पण द्वारपाल 'पोर्तेरो'. शिकणारे अडखळतात ते इथेच. इंग्रजी 'डॉमिनेट', 'पोर्टल' यांत तो 'ओ' शाबूत आहे.

[धार काढून झाली, दूध गाळलं जातंय]

दूध, 'लेचे'. लॅटिन 'लाक्तेम'. 'क्त'मधला 'क' विरघळून 'य' झाला, 'य' आणि 'त' मिळून 'च'. नृत्याचा नाच झाला, तोही 'त' आणि 'य' एकत्र येऊनच. रात्र 'नोक्तेम', झाली 'नोचे'. आठ 'ओक्तो', झाले 'ओचो'. इंग्रजीत 'लॅक्टोज', 'नॉक्टर्नल', 'ऑक्टोबर'. हा शब्दांचा बिघाड नव्हे. आपण ज्याला तद्भव म्हणतो, तेच हे. आणि इंग्रजीने घेतलेले ते तत्सम.

[वारुळ, मुंग्यांची रांग]

'फोर्मिका'ची 'ओर्मीगा' झाली. आरंभीचा 'फ' आधी 'ह' झाला, मग तोही उच्चारातून गेला. लिहिताना 'ह' अजून लिहितात. मुंग्यांपासून पहिल्यांदा मिळालं म्हणून ते फॉर्मिक ॲसिड. पण 'उए'च्या आधीचा 'फ' टिकतो: चुलीचा 'फोकुस', त्याची आग 'फुएगो'.

[बंदर, जहाजं]

१४९२ नंतर ही स्पॅनिश भाषा अटलांटिक ओलांडून गेली.

[पहाट, निवेदन थोडं थांबतं]

सारखे दिसणारे सगळेच शब्द नात्यातले नसतात. स्पॅनिश 'मुचो', म्हणजे पुष्कळ, आणि इंग्रजी 'मच' यांचा काही संबंध नाही. 'मुचो' आला 'मुल्तुम'वरून, त्याचं इंग्रजी भावंड 'मल्टी'. दिवसाला स्पॅनिश 'दीआ', इंग्रजी 'डे'. तेही परके. 'दीआ'ची आई लॅटिन 'दिएस', आणि तिचं रक्ताचं नातं आहे आपल्या 'दिवस'शी.