हेराला सीमा नाही, फाइलला आहे

श्रोतेहो, नमस्कार.

चेक प्रजासत्ताकातल्या व्रबेतित्से गावाजवळ दारूगोळ्याचं कोठार होतं. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी तिथं स्फोट झाला, दोन माणसं गेली. सुरुवातीला सगळ्यांना तो अपघातच वाटला. पुढे मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत सर्गेई स्क्रिपाल या माजी रशियन हेरावर विषप्रयोग झाला आणि ब्रिटिश पोलिसांनी दोन रशियन संशयितांचे फोटो छापले. पासपोर्टवरची नावं पेत्रोव्ह आणि बोशिरोव्ह. स्फोटाच्या दिवसांत हेच दोघे चेक देशात येऊन गेले होते! चेक सरकारनं हे जगाला सांगितलं एप्रिल २०२१ मध्ये. स्फोट एकाच्या दारात, फोटो दुसऱ्याच्या हातात, आणि मध्ये साडेसहा वर्षं.

युरोपात बऱ्याच देशांचं चलन एक झालं, सीमेवरचे नाके उठले. राष्ट्रीय सुरक्षा मात्र ज्याची त्यानं पाहायची, असं युरोपीय संघाच्या करारातलं चौथं कलमच सांगतं. ब्रुसेल्सला गुप्तवार्तांचं एक केंद्र आहे, पण त्याचे स्वतःचे हेर नाहीत. सदस्य देश जे हातावर ठेवतील, त्यावर त्याचा संसार. शिवाय या धंद्याचा जुना दंडक आहे: मी तुला सांगितलेलं तू माझ्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगायचं नाहीस. याला कोतेपणा म्हणणं सोपं आहे. पण बातमी फुटली तर ती देणारा माणूस जिवानिशी जातो.

आणि फुटतेही. एस्टोनियाच्या संरक्षण खात्यात नाटोची गुपितं सांभाळण्याचं काम हेर्मन सिम यांच्याकडे होतं. २००८ मध्ये अटक झाली तेव्हा कळलं, गृहस्थ कित्येक वर्षं रशियाला माहिती पुरवत होते. साडेबारा वर्षांची शिक्षा झाली. कुंपणानंच शेत खाल्लं, तर शेजारी आपलं बी कशाला देईल?

व्हिएन्नाची गोष्ट मला याहून बोचते. तिथं पोलीसच शिरले. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी ऑस्ट्रियाच्या पोलिसांनी आपल्याच देशांतर्गत गुप्तचर खात्यावर छापा घातला. छाप्याला आलं ते रस्त्यावरचे गुन्हे पकडणारं पथक. तेव्हाचे गृहमंत्री हर्बर्ट किकल ज्या पक्षाचे, त्या पक्षानं २०१६ मध्ये पुतिन यांच्या पक्षाशी सहकार्याचा करार केला होता. छाप्याचा बराचसा भाग बेकायदा होता, असं न्यायालयानं नंतर म्हटलं. तोवर मित्रदेशांनी हात आखडता घेतला होता. आमच्या फाइली कुणाच्या टेबलावर जातील, ही त्यांची धास्ती. अखेर ते खातंच मोडून २०२१च्या डिसेंबरात नवं उभारावं लागलं. पाटी बदलायला दिवस पुरतो. पत बसायला किती लागतील, ते शेजारी ठरवणार.

त्यात ऑस्ट्रियाचा कायदा कैक वर्षं असा राहिला, की हेरगिरी ऑस्ट्रियाच्या अहिताची असेल तरच गुन्हा. संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, तेल निर्यातदार देशांची ओपेक, सगळी व्हिएन्नात. त्यांच्यावर कुणी कान लावला, तर पोलिसांचे हात बांधलेले.

सीमेवर नाके नाहीत, त्यामुळे एका देशात नेमलेला रशियन राजनैतिक अधिकारी, मग तो आतून हेर का असेना, शेजारच्या देशात खुशाल गाडी घेऊन जाई. चेक सरकार यावर सतत ओरडत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय संघानं ठरवलं, की जाण्याआधी त्यानं निदान कळवावं.


नमस्कार.