शिपायांना वाढलेलं जेवण

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बेळगावात ‘हुतात्मा’ म्हटलं की हुतात्मा चौक आणि १७ जानेवारी आठवते. ख्रिस्ती मंडळीत ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, आणि तो शब्द फार नेमका आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच साक्षीदार. मरण मागणारा नव्हे, साक्ष देणारा.

स्मुर्णा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. साल साधारण १५५. बिशप पॉलिकार्प वयानं थकलेले. रोमी राज्यात ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली तशी मंडळीनं त्यांना गावाबाहेरच्या मळ्यात नेलं, तिथून दुसऱ्या मळ्यात. शिपायांनी घरातल्या एका पोराचा छळ करून ठिकाण काढून घेतलं. शुक्रवारी जेवणाच्या वेळी घोडेस्वार आले, दरोडेखोर धरायला यावं तसे हत्यारं घेऊन. बाबा माडीवर होते. निसटता आलं असतं. ते खाली उतरले, शिपायांशी बोलले आणि घरच्यांना म्हणाले, यांना वाढा, हवं तेवढं खाऊ-पिऊ द्या; मला तेवढा तासभर प्रार्थनेला द्या. प्रार्थना दोन तास चालली, उभ्यानं. आयुष्यात भेटलेल्या लहानथोरांची आठवण करत. ऐकणाऱ्या शिपायांपैकी कित्येकांना आल्याचा पश्चात्ताप झाला.

 

वाटेत अधिकाऱ्यानं त्यांना गाडीत घेतलं, समजावलं: कैसराला, म्हणजे रोमी सम्राटाला, प्रभू म्हणा, धूप जाळा, सुटाल. ऐकेनात तेव्हा असं ढकललं की उतरताना नडगी सोलली. ते तसेच झपझप चालत गेले. सुभेदारापुढे म्हणाले, ८६ वर्षं ख्रिस्ताची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही. माझ्या राजाची निंदा कशी करू?

त्याच छळात क्विंतुस नावाचा एक जण स्वतःहून पुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला. अंगावर सोडायची श्वापदं पाहिली आणि गळाला. शपथ घेतली, धूप जाळला. स्मुर्णाच्या मंडळीनं या छळाबद्दलच्या पत्रात स्पष्ट लिहिलं: स्वतःहून जाणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. पुन्हा सांगतो. स्वतःहून जायचं नाही. धरलं तर नाकारायचं नाही.

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन २५० च्या छळात लपून राहिले, पत्रं लिहून मंडळी सांभाळली. कचरलेल्यांसाठी प्रायश्चित्ताची वाट मोकळी ठेवली. २५८ मध्ये मात्र पळाले नाहीत. मान उडवणाऱ्याला २५ सोन्याची नाणी द्या, असं त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं.