चूर्णाची डबी, गोळ्यांची पट्टी

(दृश्य: कोल्हापूर, अंबाबाईच्या देवळामागची गल्ली. उघडी पोती, तराजू.)

हिरडा, बेहडा, मुरडशेंग, ज्येष्ठमध. पोत्यांच्या कडा दुमडून ठेवल्यात. एक गिऱ्हाईक विचारतं, “मावशी, शुगरवर काय हाय का?”

“जांभळाच्या बियांची पूड न्या. पर डॉक्टरची गोळी सोडू नगासा.”

झाडपाला स्वस्त आणि डॉक्टरी औषध महाग, असं आपण धरूनच चालतो. किरकोळ दुखण्यांपुरतं ते खरंही आहे. घसा धरला तर ज्येष्ठमधाची कांडी, पोटासाठी इसबगोल, थोडक्यात भागतं. सोनामुखीची पानं आणि मेडिकलमधली सेनाची गोळी, दोन्हींत काम करणारं द्रव्य एकच. गोळीत ते मोजलेलं असतं. पानांची चिमूट कुणाच्या हाताची, त्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरते.

मधुमेहाचा हिशेब मात्र उलटा आहे. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या जनऔषधी केंद्रात वीस रुपयांच्या आत मिळतात. ‘शुगर मुळापासून घालवा’ म्हणणारी चूर्णाची डबी काही शे रुपयांना पडते. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी मोबाइलवर त्या रोज दिसतात! मेथी, कारलं, जांभूळबी यांनी साखर थोडीफार उतरते, असं लहान अभ्यासांत दिसलंय. मेटफॉर्मिनची परीक्षा त्याहून कडक झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात, वजन जास्त असलेल्या मधुमेहींमध्ये या गोळीनं हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी झाले.

(दृश्य: सीपीआर या सरकारी रुग्णालयाचं आवार. डबे घेऊन बसलेले नातेवाईक.)

खरं बिल येतं ते गोळी सोडल्यावर. पायाची जखम चिघळते. सरकारी दवाखान्यात उपचार झाले, तरी पोराचा शिरोली एमआयडीसीत खाडा पडतो, गावाकडनं जायचं-यायचं भाडं लागतं, जनावरांची धार शेजाऱ्यावर पडते. डबीच्या किमतीत हे कुणी धरत नाही.

आणि ही मेटफॉर्मिनची गोळी तरी कुठून आली? युरोपातल्या गलेगा नावाच्या झुडपातल्या द्रव्याचा माग काढत शास्त्रज्ञ तिच्यापर्यंत पोचले.

(दृश्य: राधानगरीचं जंगल.)

आपल्याकडं नरक्या नावाचं झाड आहे. त्यातलं कॅम्प्टोथेसिन कॅन्सरच्या पेशी मारतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं, पुढं ते नरक्यातही सापडलं. पण माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या, इतकं ते विषारी. रेणूत फेरफार करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान बनली, तेव्हा कुठं ते औषध म्हणून देण्याजोगं झालं. कॅन्सरच्या औषधाच्या बिलात ही सगळी खटपट असते; कंपन्यांचा नफाही असतो, तो लपवायचं कारण नाही. मात्र नरक्याचा घरगुती काढा हा स्वस्त पर्याय नव्हे. इकडं सह्याद्रीत चोरट्या तोडीनं अख्खी झाडं गेली, तो खर्च जंगलाच्या खात्यावर.

(दृश्य: तपासणीचा कागद, जवळून.)

चूर्ण घ्यायचंच असेल, तर डबी डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या काही गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं, तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात. तीन महिन्यांची सरासरी साखर आधी तपासून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा. गोळी तीच, जेवण तेच, आणि आकडाही तिथंच असेल, तर पुढची डबी आणू नका.